खताचं लोणचं घाला, आमचूर नको
(आकाशवाणीवरील भाषण)

आखाजी झाली, झोके उतरले, आता घरोघर उकिरडे उपसायला घेतले असतील. शेतात किती गाड्या पडल्या ते मी विचारत नाही. मला बोलायचंय परसातल्या वाफ्यांबद्दल. दोन वेल गिलक्याचे, एक डांगराचा, चार वांगी, चार मिरच्या. त्यांना तुम्ही काय घालता? कालचं शेण आज वाफ्यात! मुरू द्या हो त्याला. एवढंच सांगायला मी आलेय.

कैऱ्यांचे दिवस आहेत, तर कैरीचंच सांगते. धडगावकडे कैरी सोलून, चिरून उन्हात टाकतात, तिचं आमचूर होतं. तीच कैरी मीठ लावून बरणीत दडपली की लोणचं होतं. आपण शेणाचं आमचूर करतो. अंगणाच्या कडेला पसरलेलं, वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळलेलं. त्यातला उडून जाणारा नत्र केव्हाच वाऱ्यावर गेला. घालायचं असतं लोणचं. सावलीत ढीग, ओल पिळलेल्या फडक्याइतकी, आणि वर मातीचा नाहीतर पाल्याचा दादरा. बरणीतला खार ओतून दिलात तर फोडींना चव राहील का? खताचा खार म्हणजे जनावराचं मूत. निम्म्याच्या आसपास नत्र आणि बहुतेक पालाश त्यातच असतो, आणि तो आपण गोठ्यातून गटारीला सोडतो. बैलांखाली पाचट पसरा, ते शोषून घेईल. शहाद्याकडे तेच पाचट पेटवून देतात... असो, तो वेगळा विषय.

हे माझ्या पदरचं नाही. सातपुडा ओलांडून इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात शेण, काडीकचरा आणि मुतानं भिजलेली माती थराथरानं रचून, तीनदा उलथून, तीन महिन्यांत खत तयार करून दाखवलं. आपल्या पुसदच्या पांढरीपांडेकाकांचं नाडेप टाकं तर कित्येकांनी पाहिलंय. 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच, भिंतींत हवेसाठी भोकं. तेही तीन-चार महिने मागतंच. तेव्हा घाई करू नका. मुरू द्या.

मी घाई केली होती. नवापूरकडच्या पोल्ट्रीतलं एक पोतं आणलं, तूस मिसळलेलं, नाकाला झोंबणारं, आणि तसंच वांग्यांच्या बुडाशी पसरलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा विस्तवाजवळ धरल्यासारख्या तपकिरी. झाडं काही वाचली नाहीत. शेणखतात नत्र शेकडा अर्धा, कोंबडीखतात तीनच्या घरात. म्हणून दहा बाय चार फुटांच्या वाफ्याला शेणखत दोन घमेली घाला, पण कोंबडीखत मुरलेलं असलं तरी ओंजळीनंच. आणि कच्च्या शेणातून हुमणी येते ती निराळीच. पांढरी, गुबगुबीत, अर्धगोल वळलेली. ती मुळं कुरतडते, आणि आपण वर पाणी घालत बसतो.

मुरलं कसं ओळखायचं? ढिगात सळई खुपसा, थोड्या वेळानं काढून हाताला लावा. चटका बसला तर अजून शिजतंय. गार लागली तर मूठभर खत घ्या. त्यात कडब्याची कांडी ओळखू आली तर अजून थांबा. पुन्हा सांगते, वाळलं म्हणजे मुरलं नव्हे! गेल्या खेपेला हेच सांगितलं होतं, तरी लोक विचारतात, "ताई, चांगलं वाळवलंय, घालू का?"

काचेपलीकडून बोट दाखवताहेत, मिनिटच उरलंय. लेंडीखताचं राहिलं. शेळ्या आता बाभळीच्या शेंगा खाताहेत, त्यातलं काही बी लेंडीतून शाबूत बाहेर पडतं. ढीग आतून नीट तापला नाही तर मिरचीच्या वाफ्यात बाभळी... बरं, ते पुढच्या खेपेला. तोवर मूठ उघडून वास घ्या. पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला तर घाला. शेणाचा आला तर परत झाका.