घाटमाथ्याचे पाणी आणि शेजाऱ्यांचा व्यवहार

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वसतिगृहाचा जमाखर्च वाचून झाला, की संमेलनातील मंडळींचे लक्ष पंगतीकडे लागते, हे आम्ही जाणून आहो. अशा वेळी 'प्रादेशिक आर्थिक सहकार्य, व्यापाराची सांगड आणि हरित विकास' असा लांबलचक विषय घेऊन उभे राहणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच होय. चालकांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्हीही थोडे बिचकलो. हे राष्ट्राराष्ट्रांचे प्रकरण. त्यात पौडच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाने काय बोलावे? परंतु विचार करू लागलो तो ध्यानी आले की, या विषयातील एक जुने आणि बोलके उदाहरण आपल्याच मुळशीत शंभर वर्षांपूर्वी घडले आहे. त्याचा हिशेब अद्याप कोणी नीट मांडलेला नाही. तो मांडण्याचा आज आमचा यथामति यत्न आहे.

मुळशी हा प्रदेश मुळातच दोन मुलखांच्या मधला. एका अंगास देश, दुसऱ्या अंगास कोकण. ताम्हिणीची व आसपासच्या घाटांची वाट म्हणजे मिठाची, सुक्या मासळीची आणि भाताची वाट. खालून मीठ वर यावे, वरून धान्य खाली जावे, आणि त्या वाटांवर घनगड, कोरीगड यांसारख्या किल्ल्यांनी नजर ठेवावी, अशी ही जुनी रीत होती. तिला कोणी मोठे नाव दिले नव्हते. दोन्ही बाजूंस गरज होती आणि दोन्ही बाजूंस थोडेबहुत मिळत होते, एवढेच. मिठाची गोणी घाट चढून आली की तिचे मोल वर ठरत असे आणि ते ठरविताना घेणारा व देणारा दोघेही समोरासमोर बसत असत. ही समोरासमोरची बैठक आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे आम्ही तिच्याकडेच वळणार आहो.

नंतर जो माल घाट उतरून जाऊ लागला तो निराळाच होता. तो माल म्हणजे पाणी.

मुंबईच्या गिरण्यांना लागणारा कोळसा दूरदेशाहून येई. तो महाग पडे आणि शहरावर धुराचे छत धरी. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो कोकणात सोडावा आणि त्या पडण्याच्या जोरावर वीज करावी, ही कल्पना टाटांच्या घराण्याने प्रत्यक्षात आणली. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. तिसरे धरण मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशीस, बांधावयाचे ठरले. कल्पना म्हणून ती उत्तम होती, हे आम्ही प्रारंभीच कबूल करतो. आज ज्याला हरित विकास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? कोळसा जळत नाही, धूर निघत नाही, आणि पाऊस दरवर्षी पुन्हा पडतो.

परंतु त्या धरणाखाली ५०च्या आसपास गावे जाणार होती. त्यांत भाताची उत्तम खाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. 'जान किंवा जमीन' ही घोषणा त्याच लढ्यातली. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच मुळशीमुळे. १९२४ साली आगगाडी अडविल्याबद्दल त्यांना दीर्घ शिक्षा झाली, लढा ओसरला, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले.

हा इतिहास आपणांपैकी पुष्कळांनी ऐकलेला आहे. मात्र त्यातील एक भाग आपण सभेत सहसा उच्चारीत नाही. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर ग्रंथ लिहून तो उघड केला आहे. पेट्यातील पुष्कळ जमीन तोवर सावकारांकडे गेली होती. धरण नको असे म्हणणारा कसणारा कूळ होता. सावकाराचे लक्ष मोबदल्याच्या आकड्याकडे होते. आकडा वाढला तसा त्याचा विरोध मावळला. ज्याचे घर बुडाले तो वाटाघाटीत कधी बसलाच नाही. कंपनी होती, सरकार होते, जमिनीचे कागद बाळगणारे होते. पाण्याच्या काठी पिढ्यानपिढ्या राहणारा मात्र बाहेर ओटीवर उभा होता. आम्ही हे कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्ञातीच्या सभेत पूर्वजांचे गुणगान जितके शोभते, तितकाच खरा जमाखर्चही शोभावा.

आता तो माल गेला कोठे, ते पाहू. मुळा ही मूळची पूर्ववाहिनी. तिचे पाणी भीमेस, भीमेचे कृष्णेस जावयाचे. धरणाने ते पश्चिमेकडे वळविले. बोगद्यातून व नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्यास पडते, वीज होते, आणि ती वीज मुंबईस जाते. पाणी मात्र संपत नाही. ते कुंडलिकेत उतरते, कोलाड-रोह्याकडे वाहते. त्यावर भातशेती होते, कारखाने चालतात. अलीकडे कोलाडास रबरी नावांतून खळाळत्या पाण्यात जाण्याचा जो खेळ चालतो, त्याची वेळसुद्धा भिऱ्याहून पाणी सुटण्याच्या वेळेवर ठरते. पुणेमुंबईचे तरुण पैसे भरून ज्या लाटांवर स्वार होतात, त्या लाटा मुळशीच्या आहेत. त्यांतील कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. मुंबईत ज्या मार्गास सेनापती बापटांचे नाव दिले आहे, तो जुन्या गिरणगावातून जातो हाही एक योगायोगच.

म्हणजे पाहा, एका पाण्याने तीन मुलूख जोडले: घाटमाथा, कोकणपट्टी आणि मुंबई. प्रादेशिक सहकार्य याहून सबळ ते कोणते? परंतु खाली उतरणाऱ्या दोघांना त्याचे फळ दरवर्षी मिळते, आणि माथ्यावरच्यास मोबदला म्हणून जे काही मिळाले ते एकदाच मिळाले. पाणी दरवर्षी जाते. दाम एकदाच आला. त्या दामाचाही मोठा भाग कोणाकडे गेला ते वर सांगितलेच आहे. धरणाच्या काठच्या वाड्यांची विजेची, पाण्याची, रस्त्याची गाऱ्हाणी पुढे कित्येक दशके वर्तमानपत्रांतून येत राहिली, यात नवल ते काय?

आता थोडे परदेशी जाऊ, म्हणजे आमची तक्रार निव्वळ रडगाणे नव्हे हे ध्यानात येईल. मुळशीचा लढा पेटण्याच्या चारच वर्षे आधी, १९१७ साली, नॉर्वे देशाने धबधब्यांविषयी कायदा केला. नदीच्या पाण्यावर वीज करण्याचा परवाना ज्यास मिळेल, त्याने त्या विजेचा काही हिस्सा, कमाल दहा टक्क्यांपर्यंत, ज्या गावांच्या हद्दीत ते पाणी पडते त्या ग्रामसंस्थांना कमी दराने दिला पाहिजे. हिस्सा दरवर्षीचा, एकदा देऊन मोकळे होण्याचा नव्हे. तेथील डोंगरी गावांच्या शाळा आणि दवाखाने या उत्पन्नाचा आधार घेत आले आहेत. तोच काळ, तसेच डोंगर, तसाच पाऊस.

दुसरा दाखला आपल्या शेजारच्या भूतानचा. चुखा येथील ३३६ मेगावॅटचे वीजगृह १९८६ ते १९८८ या काळात सुरू झाले. भांडवल बव्हंशी भारताचे, काही अनुदान, काही कर्ज. वीज भारतात येते, आणि तिचा पैसा भूतानच्या तिजोरीत दरवर्षी जमा होतो. त्या देशाने २००८ सालच्या आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवले आहे की, निदान ६० टक्के भूमी सदैव अरण्याखाली राहील. अरण्य राखले तर पाणी राहील आणि पाणी राहिले तर वीज विकता येईल, हा साधा हिशेब त्यांनी घटनेत घातला. आमच्या मते हरित विकास या शब्दाचा याहून सुबोध अर्थ दुसरा नाही.

नेपाळची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. कोशी (१९५४) व गंडक (१९५९) या करारांविषयी तेथील लोकांच्या मनात सल राहिला. आपल्या पाण्याचा लाभ दुसऱ्यास अधिक झाला, ही त्यांची भावना. म्हणजे सरहद्द असली की न्याय मिळतोच असे नाही. पण पुढे त्यांनी धडा घेतला. वीजकंपन्यांनी आपल्या भागभांडवलातील काही हिस्सा प्रकल्पाच्या परिसरातील रहिवाशांसाठी राखावा, अशी रीत तेथे पडली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नेपाळ, भारत व बांगलादेश यांचा त्रिपक्षीय करार झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशास पोहोचली. आकडा लहान आहे; पण ज्याचे पाणी तो, ज्याच्या तारा तो, आणि ज्याच्या घरी दिवा तो, असे तिघेही एका कागदावर सही करतात, ही गोष्ट लहान नव्हे. मिठाच्या गोणीची ती जुनी बैठकच तेथे पुन्हा भरली, असे आम्हांस वाटले.

भूतानला सरहद्द होती म्हणून त्याच्या पाण्यास किंमत आली. मुळशी मुंबईच्याच इलाख्यात होती. शेजारी म्हणून तिच्याशी करार करण्याची कोणास गरजच भासली नाही.

मंडळी म्हणतील, झाले गेले कृष्णेस मिळाले. किंबहुना आपल्या बाबतीत तेही झाले नाही, ते कुंडलिकेस मिळाले! मग आज हे उकरून काय साधणार? त्याचे उत्तर असे की, तेच प्रकरण नव्या रूपाने पुन्हा आपल्या दाराशी येत आहे.

सूर्याची वीज दिवसा मुबलक होते आणि दिवेलागणीस, नेमकी हवी तेव्हा, नाहीशी होते. म्हणून दिवसाच्या विजेने खालचे पाणी वरच्या तलावात चढवावे आणि सायंकाळी ते पुन्हा सोडून वीज घ्यावी, अशी योजना असते. तीस उदंचन प्रकल्प म्हणतात. भिऱ्यास १५० मेगावॅटचा असा संच पूर्वीपासूनच आहे. यासाठी उंच कडा, वर तलाव आणि खाली तलाव हवा. आणि तो सह्याद्रीइतका सोयीचा कोठे सापडणार? ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र शासनाशी शिरवता (१,८०० मेगावॅट) व भिवपुरी (१,००० मेगावॅट) येथील दोन उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला. गुंतवणूक सुमारे १३,००० कोटी रुपयांची. शिरवता म्हणजे आपल्या शेजारचे मावळ. इतर कंपन्यांनीही घाटमाथ्यावर निरनिराळ्या ठिकाणी अशा योजना मांडल्या आहेत. देशाला त्यांची गरज आहे, हे आम्ही मानतो. युरोपाने १ ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांसारखा माल आयात करताना तो बनविण्यात हवेत किती कर्ब गेला याचा हिशेब मागण्यास आरंभ केला आहे. म्हणजे स्वच्छतेस आता परदेशी बाजारात भाव येऊ लागला. तो भाव ज्या डोंगराच्या जिवावर येणार, त्या डोंगराचा त्यात वाटा किती, एवढाच आमचा प्रश्न आहे.

केंद्र शासनाच्या २००८ सालच्या जलविद्युत धोरणात स्थानिक विकास निधीसाठी एक टक्का मोफत वीज आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबास दहा वर्षे दरमहा १०० युनिटे, अशी तरतूद होती. नॉर्वेच्या मानाने ती तुटपुंजी. तरी पायरी म्हणून बरी. परंतु एप्रिल २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत मोफत विजेचे बंधन या प्रकल्पांवर नको, आणि नदीपासून दूर असणाऱ्या प्रकल्पांना स्थानिक निधीचीही आवश्यकता नाही, असे म्हटले आहे. कारण असे की, हे प्रकल्प वीज नव्याने निर्माण करीत नाहीत, केवळ साठवितात, आणि त्यांत विस्थापन फार थोडे होते. तर्क म्हणून ते बरोबर असेल. पण गोदामवालासुद्धा जागेचे भाडे देतो. आणि थोड्या माणसांचे घर गेले म्हणून त्या थोड्यांचे दुःख थोडे होत नाही.

आपला तालुकाही आता पूर्वीचा राहिला नाही. पूर्वेच्या टोकास हिंजवडी. तेथे बसून आपली मुले साता समुद्रापलीकडच्या कचेऱ्यांची कामे करतात. पश्चिमेच्या टोकास धरणाचा काठ. पुणे व पिंपरी-चिंचवडची तहान वाढत आहे, आणि मुळशीचे पाणी पूर्वेकडे वळवावे अशी मागणी होऊ लागली आहे. उद्या कोकण एकीकडून ओढील आणि पुणे दुसरीकडून. आणि शंभर वर्षांपूर्वीप्रमाणेच दोघांच्या बैठकीत काठावरचा मनुष्य पुन्हा ओटीवर राहील, हे भय आम्हांस वाटते. या वेळी तर दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर आपल्यापैकीच कोणीतरी बसलेले असेल. आपल्या ज्ञातीत आज अभियंते आहेत, वकील आहेत, हिशेबनीस आहेत, शासकीय अधिकारी आहेत. आणि माथ्यावर भात लावणारे भाऊबंदही आहेत. सोयरीक जुळविताना आपण त्यांची आठवण ठेवतो. करार वाचताना ठेवतो काय?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एकच सूचना ठेवतो, आणि ती खर्चाची नाही. पर्यावरणविषयक १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार, ज्या प्रकल्पास जनसुनावणी लागते त्याच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो, आणि सुनावणीपूर्वी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. हे ३० दिवस बहुधा वाया जातात, कारण सारांश वाचून समजावील असे कोणी गावात नसते. आपल्यातील चार अभियंते, दोन वकील आणि एखादा हिशेबनीस यांनी आळीपाळीने त्या दिवसांत गावी जावे. देवळात बसावे, अहवाल मराठीतून वाचून दाखवावा, आणि वार्षिक हिश्श्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावात कशी घालावी ते सांगावे. पहिली बैठक पौडास, भातलावणी उरकल्यावर, श्रावणात ठेवता येईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जेवणापूर्वी चिटणिसांच्या वहीत आपले नाव लिहून ठेवावे. आमचे नाव आम्ही लिहून आलो आहो.