नागीण : पहिल्या बहात्तर तासांचे मोल

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागीण हे नाव उच्चारताच आजही अनेक घरांत भीतीचे सावट पसरते. नागिणीने अंगाला वेढा घातला आणि तिचे तोंड व शेपूट एकत्र आले की रोगी दगावतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. वास्तविक या रोगाचा सापाशी काडीइतकाही संबंध नाही. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचे विषाणू शरीरातून नाहीसे होत नाहीत. मज्जातंतूंच्या मुळांशी असलेल्या गाठींत ते वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहतात. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झाली, म्हणजे ते जागृत होऊन एखाद्या मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेपर्यंत येतात. त्या मज्जातंतूचे क्षेत्र शरीराच्या एकाच बाजूस असल्यामुळे पुरळाचा पट्टा सामान्यतः मध्यरेषेपाशी थांबतो. वेढ्याची भीती म्हणूनच निराधार आहे.

मग मंत्राने व गेरूच्या लेपाने नागीण बरी होते, असा अनुभव लोक का सांगतात? कारण सरळ आहे. हे फोड बहुधा दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात आणि श्रेय लेपाला मिळते. परंतु फोड सुकले म्हणजे रोग संपला, असे नव्हे. मज्जातंतूस झालेल्या इजेमुळे काही रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, पुढे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, असह्य आग व ठणका सोसावा लागतो. अंगावरच्या वस्त्राचा स्पर्शही सहन होत नाही. पहिले मोलाचे दिवस वाया गेल्याची ही किंमत असू शकते.

या विषाणूंवर पोटात घेण्याचे प्रभावी औषध उपलब्ध आहे. त्याचे नाव असायक्लोव्हिर. १९७० च्या दशकात बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत ते विकसित झाले. त्या संशोधनाच्या अग्रणी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली, जॉर्ज हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत, नोबेल पारितोषिक मिळाले. एलियन यांनी रीतसर डॉक्टरेट पूर्ण केलेली नव्हती, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. या औषधाची खुबी अशी की, विषाणूचेच एक विकर त्यास प्रथम कार्यक्षम करते. साहजिकच त्याचा प्रभाव मुख्यतः बाधित पेशींतच होतो आणि विषाणूंची वाढ खुंटते. ओठांवर वारंवार उठणाऱ्या हर्पीसच्या फोडांवरही हेच औषध उपयोगी पडते. मात्र सुप्त विषाणूंचे समूळ उच्चाटन ते करू शकत नाही.

नागिणीसाठी प्रौढांना साधारणतः ८०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिली जाते. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याच वर्गातील औषध दिवसातून तीन वेळा घ्यावे लागते. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाल्यास लाभ अधिक होतो. फोड लवकर सुकतात व तीव्र वेदना कमी होतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, म्हणून औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, भरपूर पाणी प्यावे आणि बरे वाटले तरी गोळ्या मध्येच बंद करू नयेत. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास नेत्रतज्ज्ञांकडे त्वरित जावे. तेथे दिरंगाई झाल्यास दृष्टी गमावण्याचा धोका असतो. तीन दिवस उलटून गेले असले, तरीही डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

फोड ओले असेपर्यंत ते झाकून ठेवावेत. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, अशा गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना रुग्णाच्या फोडांच्या संपर्कापासून दूर ठेवावे. त्यांना कांजिण्या होण्याचा संभव असतो. पन्नाशी उलटलेल्यांसाठी प्रतिबंधक लसही आता उपलब्ध आहे.

गावात प्रथम बातमी कळते ती पंचायत सदस्याला व शिक्षकाला. कोणाच्या अंगाच्या एकाच बाजूस आग होऊन पुरळ उठले, असे समजताच त्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. ज्याची लेपावर श्रद्धा आहे, त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. त्यास सोबत घेऊन दवाखान्यात जावे. श्रद्धेचा प्रश्न सावकाश सोडविता येईल, बहात्तर तास मात्र थांबत नाहीत.