जुन्या मोटारीची घरगुती निगा

मोटार जुनी झाली की ती भंगारात जावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि ठाण्यातील वर्तकनगरासारख्या वस्तीत, एखाद्या इमारतीच्या आवारात, वडिलांनी हौसेने घेतलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ मुलगा अजून जपून ठेवतो. अशी गाडी घरच्या घरी चालू स्थितीत राखता येईल काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. नियमाने लक्ष पुरविणाऱ्यास ती राखता येते.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळ बांधणी इटलीतील फियाट ११०० या गाडीची. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ च्या सुमारास मिळाले. काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबईची दीर्घकाळ सेवा केली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवा संपली. आता उरल्या आहेत त्या खासगी मालकांच्या हाती. म्हणूनच त्यांची निगा ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

या गाडीचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार नळकांड्यांचे इंजिन अत्यंत सरळ रचनेचे आहे. झाकण उघडताच कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, प्लग व पंख्याचा पट्टा डोळ्यांसमोर येतात. इंजिन सुरू होत नसेल तर प्रथम दोनच गोष्टी पाहावयाच्या : प्लगला ठिणगी मिळते की नाही आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचते की नाही. पॉइंट स्वच्छ करून त्यांतील फट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने बसविणे, प्लगवरील काजळी काढणे, इंजिन ऑइल वेळेवर बदलणे, सांध्यांना ग्रीस देणे, ही कामे चार पाने, एक पक्कड आणि एक फिलर गेज यांच्या साहाय्याने रविवारच्या सकाळी करता येतात.

वयापेक्षा ओलावा आणि स्वस्थ उभे राहणे या दोन गोष्टी अशा गाडीस अधिक बाधतात. ठाण्याचा पाऊस आणि खाडीकडील दमट हवा यांमुळे पत्रा लवकर गंजतो. या गाडीला निराळी चासी नाही. पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालील पट्ट्यास अथवा पायांखालील पत्र्यास भोक पडले तर ते केवळ कुरूप दिसते असे नव्हे, तर गाडीचे बळच कमी होते. पावसाळ्यापूर्वी व नंतर पायपुसणी उचलून तळ पाहावा, पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी करावी आणि गंज खरवडून त्यावर गंजरोधक रंग द्यावा. हवा न खेळणाऱ्या आच्छादनाखाली ओली गाडी झाकून ठेवणे हे तर गंजास आमंत्रणच होय. आठवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवावी, म्हणजे बॅटरी, ब्रेक व टायर ठीक राहतात.

अलीकडे आणखी एक अडचण उद्भवली आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरास फुगविते वा चिरा पाडते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपातील पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. गळकी नळी म्हणजे आगीस निमंत्रण. तेव्हा इंधनाचे काम मोकळ्या हवेत, बॅटरीची तार काढून आणि विस्तवापासून दूर करावे.

घरगुती कामास मर्यादाही आहेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम टेकू द्यावेत. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याचा धूर प्राणघातक असतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि वेल्डिंग ही कामे अनुभवी मिस्त्रीकडेच सोपवावीत.

शेवटी कायद्याचा एक मुद्दा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास वा धंद्यास चालवता येत नाही. १९७४ साली नोंदलेल्या गाडीने २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. परंतु चासी, काया अथवा इंजिन यांत फेरफार केलेला असेल तर हा मान मिळत नाही. म्हणून काढलेला मूळ भाग फेकून न देता तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची तारखेनिशी वहीत नोंद करावी. पुढच्या पिढीच्या हाती गाडीबरोबर ती वहीही गेली, तर नव्या मालकास गाडी समजून घेण्यास दुसऱ्या कोणाकडे जावे लागणार नाही.