काळ्या मातीतली जागल



मृगाचा पहिला पाऊस वर्धा आणि पैनगंगा यांच्यामधल्या आपल्या यवतमाळी काळ्या रानावर पडला, म्हणजे जो गंध उठतो त्याचे सारे श्रेय आपण पावसाला देऊन मोकळे होतो. परंतु त्यातला मोठा अंश स्ट्रेप्टोमायसीस नामक मृद्‌वासी जीवाणूंच्या घरचा असतो. याच कुळातील एका जीवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शात्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले, आणि क्षयरोगावर प्रथमच गुणकारी प्रतिजैविक हाती आले.

हे जीवाणू बुरशीप्रमाणे तंतू पसरून वाढतात. अन्न सरू लागले, म्हणजे जुने तंतू स्वतः विरघळून त्या सत्त्वावर नवे उभे तंतू पोसतात, ज्यांच्या टोकांशी बीजाणूंच्या माळा धरतात. आणि बहुधा याच संधिकाळी प्रतिजैविक पाझरू लागते. त्या आयत्या सत्त्वावर शेजारचे जंतू तुटून पडू नयेत म्हणून केलेला हा बंदोबस्त असावा, असा शास्त्रज्ञांचा एक तर्क आहे. यास युद्ध म्हणण्याची आपल्याला भारी हौस; मला मात्र हुरड्यावर आलेल्या ज्वारीपाशी मचाणावर बसून केलेली जागलच आठवते.

पण हे विष करणाऱ्यालाच का बाधू नये? स्ट्रेप्टोमायसिन इतर जीवाणूंची प्रथिने घडविणारी यंत्रणा बिघडविते, आणि त्याच्या जनकाची यंत्रणाही त्याच धर्तीची. म्हणून तो ते पेशीत असेपर्यंत फॉस्फेटचा अडसर घालून निर्जोर ठेवतो, व बाहेर घालवितानाच तो अडसर काढतो.

पिंपरीत शोधलेल्या दुसऱ्या एका औषधाचा मामला मात्र निराळा. तेथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉल या घटकाला जखडते आणि आवरण झिरपू लागते. जीवाणूच्या आवरणात अर्गोस्टेरॉल मुळी नसतेच, त्यामुळे जनकाला त्यापासून बचावाची वेगळी तजवीज करावी लागत नाही. या जनकाचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना! गावांची नावे आजवर महसुलाच्या दप्तरी दाखल होत. हे एक जीवशास्त्राच्या दप्तरी चढले.

असा शोध घेण्याची रीत अगदी साधी आहे. चिमूटभर माती शुद्ध पाण्यात पुनःपुन्हा विरळ करून अगारच्या थराने भरलेल्या काचेच्या बशीत पसरावी, आणि आठवडाभर उबेत ठेवावी. मग खडूची भुकटी सांडल्यासारखे कोरडे ठिपके उगवतात, त्यांतल्या एखाद्याभोवती इतर जंतूंना मज्जाव असलेले स्वच्छ वर्तुळ पडते, आणि झाकण किंचित उचलले की भर वैशाखातही मृगाचा वास येतो.