मागील शॉक ॲब्सॉर्बरची बैठक

अमेरिकेंतील मोआबच्या खडकाळ वाटांवर ट्रक घालणारे हौशी लोक मागील शॉक ॲब्सॉर्बरच्या बैठका पुष्कळदां हलवितात. त्याचें खालचें टोंक आंसाखालीं लोंबत असेल, तर तें खडकावर आपटून वांकतें. तें वर उचलणें युक्तच होय. मात्र मग उंची अपुरी पडते, आणि शोषक तिरपा बसविण्याचा मोह होतो.

येथें तारतम्य हवें. गाडीचा भार पाटे वाहतात. शोषक त्यांचीं आंदोलनें आंतील तेलाच्या रोधानें शमवितो. तो कलला कीं आंसाची हालचाल त्याच्यापर्यंत कमी पोहोंचते, आणि त्याचा रोधही अंशतःच उभ्या दिशेनें लागतो. म्हणून ३० अंशांच्या कलांत त्याचा प्रभाव तीन-चतुर्थांश उरतो. ४५ अंशांत निम्माच.

यास्तव बैठक पक्की जोडण्यापूर्वीं आंस पूर्ण वर आणि पूर्ण खालीं नेऊन दोन्ही वेळची लांबी मोजावी. वरचा आघात रबरी ठोकळ्यानेंच आधीं झेलला पाहिजे. शोषक आधीं टेकला, तर बैठक उखडते. खडक चुकविण्याच्या नादांत गाडीवरील ताबाच गमावला, तर मिळविलें काय?