कुलूप घराला होतं, आजीला नव्हतं

रेडिओजवळ कान देऊन बसलेल्या आजींनो, आजचं बोलणं तुमच्याविषयीच आहे, आणि थोडं आमच्या चुकीविषयी.

आम्ही बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावच्या बचत गटाच्या बायका. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे मुकादमाची गाडी येते आणि कोयते ऊसतोडीला निघून जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. थेट पाडव्यापर्यंत गाव म्हाताऱ्यांच्याच जिवावर चालतं. तीच चूल पेटवतात, तीच लेकरांची वेणीफणी करतात, शेळीही तीच सोडतात.

अशाच एका डिसेंबरात एका संस्थेनं आमच्या गटाला काम दिलं. गावातल्या साठीच्या पुढच्या माणसांच्या तब्येतीची पाहणी करायची होती. हातात फॉर्म दिले, अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलं. आम्ही दोघी-दोघी मिळून गल्ल्या वाटून घेतल्या आणि चार दिवसांत काम उरकलं. जिथं दार बंद दिसलं, तिथं फॉर्मवर लिहिलं, "घराला कुलूप". फॉर्म दिले, चहा झाला, आम्ही खुश.

आठ दिवसांनी रेशनच्या रांगेत एक आजी भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही म्हाताऱ्यांची नावं लिहायला हिंडत व्हता म्हणं. माझं का न्हाई लिवलं?"

आम्ही म्हणालो, "आजी, आम्ही आलो होतो. तुमच्या घराला कुलूप होतं."

त्या म्हणाल्या, "कुलूप घराला व्हतं माय, मला नव्हतं."

लेक आणि सून कारखान्यावर जाताना पुढच्या खोलीला कुलूप लावून गेले होते. आजी तीन नातवंडांना घेऊन मागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होत्या. आम्ही दारावरूनच परत फिरलो होतो. मागं वळसा घालायचं कुणाच्याच मनात आलं नाही. त्या रात्री आम्ही सगळे फॉर्म परत काढून बघितले. ज्या घरांपुढे "कुलूप" लिहिलं होतं, त्यातल्या बऱ्याच घरांत मागच्या बाजूला कुणी ना कुणी म्हातारं माणूस होतंच. म्हणजे ज्यांच्यासाठी पाहणी होती, तेच पाहणीत नव्हते.

मग आम्ही त्या आजींकडे गेलो. एकदा गेलो, दोनदा गेलो. फॉर्ममध्ये प्रश्न होता, "काही आजार आहे का?" आजी म्हणाल्या, "न्हाई." आम्ही "नाही" लिहिलं. तिसऱ्या खेपेला फॉर्म घरीच ठेवला आणि त्यांच्यासोबत तुरीच्या शेंगा सोलायला बसलो. नातवंडं शाळेत होती, आसपास पुरुषमाणूस नव्हतं. तेव्हा आजी हळूच बोलल्या. धाकट्या लेकाच्या बाळंतपणापासून त्यांचं अंग बाहेर येत होतं. फडकं आवळून त्या पाणी भरत होत्या, सरपण आणत होत्या. तो धाकटा लेक आता तीन लेकरांचा बाप आहे. एवढी वर्षं!

आम्ही म्हणालो, "आजी, मग आजार नाही का सांगितलं?"

"आजार म्हंजी ताप-खोकला. ह्ये बाईचं दुखणं. त्ये कुणाला सांगायचं?"

मैत्रिणींनो, ही एकट्या आजींची गोष्ट नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली होती. ते संशोधन १९८९ साली छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती शंभरातल्या फक्त ८ जणींची. दुखणं घराघरात होतं, पण बायकांच्या दारापर्यंत जाऊन विश्वासानं विचारेपर्यंत ते कुठल्याच कागदावर नव्हतं. आपल्या बीडमध्येही २०१९ साली ऊसतोड बायकांना विचारत लोक फिरले, तेव्हा ८२ हजारांहून जास्त जणींमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तोवर ही गोष्ट गावोगावच्या बायकांना माहीत होती, पण तिचा आकडा नव्हता. आणि आकडा नसला की सरकारदरबारी दुखणंही नसतं.

आता आमची दुसरी चूक सांगतो. ती सांगायला जड जाते.

ओढ्याच्या पलीकडे आमच्या गावची एक वस्ती आहे. तिथं आम्ही गेलो होतो, नाही असं नाही. पण ओढ्याच्या अलीकडच्या पारावर बसून निरोप धाडला होता, "ज्याला नाव लिहायचंय त्यानं या." चालता येणारे चार जण आले. आम्ही वस्ती "पूर्ण" लिहिली. मुद्दाम कुणाला वगळायचं आमच्या मनात नव्हतं. पण पाय तिकडे वळले नाहीत, हेही खरं.

दुसऱ्या फेरीला आम्ही ओढा ओलांडला. तिथं एक म्हातारी सुईण राहते. तिनं आम्हाला बसायला पोतं टाकलं, तांब्याभर पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "आधी पाणी प्या. मग विचारा काय विचारायचं त्ये." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्यातल्या निम्म्याजणी तिच्या हातावर जन्मलेल्या. आणि तिच्या घरचं पाणी आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो.

तिला गावातली प्रत्येक बाई माहीत होती. कुणाची किती बाळंतपणं झाली, कुणाचं बाळ गेलं, कुणाला डोळ्यानं दिसत नाही, कोण रात्री उपाशी झोपतं. आमच्या सगळ्या फॉर्ममध्ये मिळून नव्हती एवढी माहिती तिच्या डोक्यात होती. आम्ही तिला म्हणालो, आता तू आमच्याबरोबर चल. ती म्हणाली, "मला लिवता येत न्हाई." आम्ही म्हणालो, "लिहायला आम्ही आहोत. कुणाला काय आणि कसं विचारायचं, ते तू सांग."

हे काही आम्ही नवं केलं नाही. आमच्या शेजारीच जामखेड आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. त्याच बायकांनी गावोगाव बाळंतपणं सांभाळली, कुष्ठरोग्यांना हात लावला, लेकरं जगवली. लिहिता न येणं म्हणजे अक्कल नसणं नव्हे, हे तिथं पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. आम्ही एवढ्या जवळ राहून विसरलो होतो.

सुईण बरोबर आली आणि आमचे प्रश्नच बदलले. फॉर्ममध्ये साखर होती, रक्तदाब होता. ते हवंच. पण म्हाताऱ्यांना पारावर बसवून विचारलं, "तुमचं तुम्हाला काय जड जातं?" तेव्हा वेगळंच निघालं. दात नाहीत, भाकरी चावत नाही, म्हणून चहात बुडवून खातात. रात्री लघवीला उठलं की अंधारात पडायला होतं, म्हणून काही जणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. कष्टानं बोटं झिजलीत, बँकेत अंगठा उमटत नाही, म्हणून श्रावणबाळची पगार हातात पडत नाही, आणि पगार नाही म्हणून गोळ्या नाहीत. एक आजोबा म्हणाले, "दवाखान्यात जातो, पर डॉक्टर काय म्हनतो त्ये ऐकू येत न्हाई. मान हलवून घरी येतो." यातलं एकही आमच्या छापील फॉर्मवर नव्हतं.

अंगठ्यावरून आठवलं. पहिल्या फेरीत आम्ही "इथं अंगठा द्या" म्हणून अंगठे घेतले होते. तेही चूक. आरोग्याचं संशोधन असेल तर आधी ते कशासाठी आहे, माहिती कुठं जाणार, हे समोरच्याला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना वाचता येणारा, कुणाच्या बाजूचा नसलेला साक्षीदार लागतो. "मला नाही सांगायचं" म्हणण्याचा हक्क आजीला आहे, आणि नाही म्हटलं म्हणून तिचे उपचार अडवता येत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत हे आहे. सुनेनं किंवा लेकानं "हो" म्हटलं, म्हणजे आजीनं "हो" म्हटलं असं धरायचं नाही.

दुसऱ्या फेरीनंतर आम्ही आणखी एक केलं. माहिती गोळा करून नुसती वर धाडली नाही, आधी गावात मांडली. आपल्या राज्यात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं, त्यात रंगांचं प्रगतिपत्रक असायचं. चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते लाल. आम्हीही शाळेच्या भिंतीवर तसाच तक्ता लावला. कुणाचंही नाव न घेता. ज्यांना अक्षर येत नाही, त्या आज्यांनी लाल रंगावर बोट ठेवून ग्रामपंचायतीच्या लोकांना विचारलं, "ह्याचं काय करनार?" गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीला त्या दिवशी पहिल्यांदा सुईण खुर्चीवर बसली.

सगळं सुटलं असं सांगितलं तर खोटं होईल. ऐकू न येणारे आजोबा अजून मशीनची वाट बघताहेत. बँकेतला अंगठा अजून कधी उमटतो, कधी नाही. पण त्या पत्र्याच्या खोलीतल्या आजींना आम्ही तालुक्याला बाईडॉक्टरकडे नेलं. त्या घाबरल्या होत्या, की आता पिशवी काढणार. डॉक्टरांनी तपासून रिंग बसवली. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा, अंग बाहेर येतं म्हणून प्रत्येकीला ऑपरेशन लागतंच असं नाही. कुणाला व्यायामानं बरं वाटतं, कुणाला रिंग चालते, कुणाला ऑपरेशन करावं लागतं. तपासल्याशिवाय ठरवायचं नाही, आणि घाईनं "हो" म्हणायचं नाही. रिंग मात्र अधूनमधून तपासावी लागते. लेक-सून कारखान्यावर, मग आजींना कोण नेणार? तेव्हा गटानं पाळी लावली. हप्ता भरायची पाळी असते ना, तशी आजीला नेण्याची पाळी. वहीत लिहिलेली. गेल्या खेपेला सुईणच घेऊन गेली.

तर ऐकणाऱ्या गटांना आमचं सांगणं एवढंच. पाहणी करा, शिबिर घ्या, काहीही करा, आधी विचारा, आपल्या यादीत कोण नाही? ओढ्यापलीकडचं कोण राहिलं? मागच्या खोलीतलं कोण राहिलं? जे राहिलेत, त्यांच्यातलीच एक आपल्या गटात घ्या, आणि पहिल्या दिवसापासून घ्या. एकांतात विचारा, घाई करू नका. आणि विचारून निघून जाऊ नका, काहीतरी करून द्या. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आता आयुष्मानचं कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी, उत्पन्न कितीही असो. आधार कार्ड घेऊन आजीला सेवा केंद्रावर न्या. तेवढं एक काम झालं, तरी पुढच्या खेपेला ती आपण होऊन बोलेल.

या आठवड्यात आपल्या गल्लीत कुलूप लावलेलं एक घर बघा. दारावरून परतू नका. मागून वळसा घाला आणि हाक मारा, "आजी, आहात का?"

आतून आवाज आला, तर आधी पाणी मागा.