उचलू नका, उठू द्या



बांधावरचा धोंडा हलवायचा असला म्हणजे आपण पहार लावतो. विहिरीतून पाणी ओढायचे तर रहाट बसवतो. जड कामाला युक्ती लागते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले, की आपण ही सारी शहाणीव विसरतो. काखेत हात घालतो, कंबरेला झटका देतो आणि त्याला ओढून उभे करतो. असे दिवसातून आठ-दहा वेळा चालते. सकाळी परसाकडे नेताना, अंघोळीला, जेवायला आणि रात्री पुन्हा.

हे काम बहुधा घरातल्या बाईच्या वाट्याला येते. सून असेल, लेक असेल, नाहीतर साठी उलटलेली बायकोच असेल. वर्ष-सहा महिन्यांत तिची पाठ धरते. मग एका आजाऱ्याचे दोन आजारी होतात.

माणूस हाताने किती उचलावा, याचा अभ्यास झालेला आहे. आजाऱ्याची हलवाहलव करताना एका माणसाच्या हातांवर सुमारे १६ किलोंहून जास्त भार येऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेत २००७ साली सुचवण्यात आली. आणि तीही सारे काही सोयीचे असताना. सोळा किलो म्हणजे घागरभर पाणी. मोठ्या माणसाचे वजन त्याच्या तिप्पट-चौपट असते. तेव्हा बाईची ताकद कमी पडते असे नव्हे, तर ती रीतच चुकीची आहे.

ओढण्याने आजाऱ्याचेही नुकसान होते. अर्धांगवायूत ज्या बाजूवरून वारे गेलेले असते, त्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडतात. सांधा जागच्या जागी धरून ठेवणारे असे फारसे काही उरत नाही. त्या हाताला धरून किंवा काखेतून ओढले, की खांदा खोबणीतून खाली सरकतो. मग ठणका लागतो, तो महिनोन् महिने जात नाही. म्हणून पहिला नियम पक्का लक्षात ठेवा: लुळा हात ओढायचा नाही, आणि काखेत हात घालून उचलायचे नाही.

मग उठवायचे कसे? त्यासाठी आधी एक गंमत करून पाहू. आपण खुर्चीवर किंवा बाकावर बसला असाल, तर पाठ ताठ ठेवा, पावले पुढे पसरा आणि तसेच उभे राहण्याचा प्रयत्न करा. उठता येत नाही ना? आता बुड पुढे कडेला सरकवा, पावले मागे गुडघ्यांच्या खाली घ्या आणि नाक पावलांच्या पुढे येईल इतके वाका. आता उठा. अगदी सहज उठता आले असेल. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा प्रयोग आपण वर्गात अवश्य करून घ्यावा. शरीराचा भार पावलांवर आला म्हणजे माणूस उठतो, हे मुलांना पुस्तकाविना कळेल. आणि तीच मुले घरी जाऊन आजीला उठायला मदत करतील.

घरच्या माणसाला उठवतानाही हेच करायचे. प्रथम त्याला सांगा, "बाबा, आता उठायचं हं, मी तीन म्हटलं की." न सांगता झडप घातली तर माणूस दचकतो, अंग आखडतो आणि जड होतो. निजलेल्याला आधी खाटेच्या कडेला बसवा आणि जरा दम खाऊ द्या. एकदम उठले म्हणजे रक्ताचा दाब उतरतो, घेरी येते. घेरी थांबली की बुड पुढे, पावले मागे, अंग पुढे. अर्धांग असल्यास आपण त्याच्या अधू बाजूला उभे राहावे आणि त्याचा लटपटणारा गुडघा आपल्या गुडघ्याने समोरून अडवावा. खुर्ची मांडायची ती त्याच्या धड बाजूला, खाटेला लागून, जराशी तिरपी. चाकाची खुर्ची असेल तर तिचे ब्रेक आधी लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. पुष्कळ माणसे पडतात ती चाक सरकल्यामुळे.

खाटही पाहून घ्या. कडेला बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकावीत आणि मांड्या गुडघ्यांपेक्षा किंचित उंच असाव्यात. खाट ठेंगणी असेल तर पायांखाली रुंद, खाच केलेले लाकडी ठोकळे बसवा. नुसत्या विटा रचू नका, त्या घसरतात. मोरीत आणि संडासात हाताच्या उंचीवर लोखंडी नळी भिंतीत पक्की करून घ्या. खर्च थोडा, पण आधार जन्माचा.

आता साधनांकडे वळू. पहिले साधन म्हणजे कंबरेचा पट्टा. चार बोटे रुंद, जाड विणीचा, घट्ट बक्कल असलेला. तो कपड्यांवरून कंबरेला बांधायचा आणि तळहात वर करून खालून धरायचा. हा पट्टा उचलण्यासाठी नाही. तोल गेला तर सावरण्यासाठी आहे. पोटाची शस्त्रक्रिया नुकती झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज तो बांधू नये.

दुसरे साधन म्हणजे उभे राहून हलवण्याचे चाकगाडे. खाली पावले ठेवायला सपाट फळी, नडग्यांना टेकायला मऊ गादी, समोर धरायला आडवा दांडा आणि खाली ब्रेक असलेली चाके. आजारी माणूस पावले फळीवर ठेवतो, नडग्या गादीला टेकवतो, दांडा धरून स्वतःच्या बळाने उभा राहतो. काही गाड्यांत त्याच्या मागे दोन लहान पाट येतात; त्यांवर तो टेकतो. मग ब्रेक सोडून त्याला खुर्चीपाशी किंवा मोरीपर्यंत न्यायचे. सांभाळणाऱ्याला फक्त ढकलायचे असते, उचलायचे काहीच नसते. दवाखान्यांतून आणि वृद्धाश्रमांतून असे गाडे वापरतात.

मात्र हे गाडे सर्वांसाठी नव्हे. निदान एका पायावर भार घेता येतो, हाताने दांडा धरता येतो आणि सांगितलेले समजते, अशाच माणसासाठी ते आहे. ज्याला पाय टेकणेच शक्य नाही, त्याला झोळीच्या यारीने हलवावे लागते. हाड मोडलेल्या पायावर भार देऊ नका असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर तेथे आपली हुशारी चालवू नये. कोणते साधन कोणाला, हे जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला विचारावे आणि एकदा त्यांच्या देखत करून पाहावे.

साधनांसाठी सरकारी मदतही आहे. दिव्यांगांना उपकरणे देणारी केंद्राची योजना १९८१ पासून आहे. वृद्धांसाठीची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्यातून काठी, वॉकर, चाकाची खुर्ची अशा वस्तू दिल्या जातात. शिबिराची चौकशी पंचायत समितीत किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. कागदपत्रे जमवताना म्हाताऱ्या माणसांची तारांबळ उडते. तेथे गावच्या शिक्षकाने अर्ज भरून दिला तर मोठे काम होईल.

शेवटी एकच सांगायचे आहे. या साऱ्यात अवघड काही असेल तर ते थांबणे. बाबा उठायला दोन मिनिटे लावतात. ओढले तर दहा सेकंदांत होते. घाईच्या वेळी हात आपोआप पुढे जातो. पण ज्या पायांवर भार पडत नाही, ते पाय दिवसेंदिवस वाळत जातात. आपण ओढून उभे केलेले माणूस उद्या आणखी जड होते. स्वतः उठलेले माणूस आहे ती ताकद टिकवून ठेवते. शिवाय पोत्यासारखे उचलले जाण्यात मनाला जे लागते, ते कोणी बोलून दाखवत नाही. स्वतःच्या पायांवर उभे राहून मोरीपर्यंत जाणे ही आपल्याला क्षुल्लक गोष्ट वाटते. ज्याची ती गेली आहे, त्याला विचारा.

तेव्हा आधार द्या, साधन द्या, वेळ द्या. आणि उठण्याचे काम त्याचे त्याला करू द्या.